ईर्यासमिती आणि वृद्धांचे पाऊल



पाच समितींमध्ये ईर्यासमितीला पहिले स्थान आहे. दिवसाच्या प्रकाशात, पुढील चार हात भूमी निरखून, जीवजंतूंना इजा होणार नाही अशा रीतीने चालणे हे तिचे स्वरूप होय. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी मंदावली, तेव्हा हे व्रत निर्दोष पाळणे अशक्य झाले, म्हणून १९५५ साली त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. मुनींचा मार्ग महाव्रतांचा. श्रावकाला मात्र चष्मा, शस्त्रक्रिया आणि आधाराचा हात ही साधने मोकळी आहेत. त्यांचा स्वीकार करण्यात कसलाही कमीपणा नाही.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची जाणीव या तिघांवर अवलंबून असतो. वार्धक्यात तिन्ही क्षीण होतात. मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसेनाशी होते. मधुमेहाने तळपाय बधिर होतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अधिक आढळते, आणि तिनेही पायांची संवेदना मंदावते. साध्या रक्ततपासणीने ती कळते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी निर्जल उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार पासष्टीपुढील शंभर व्यक्तींपैकी २८ ते ३५ व्यक्ती दरवर्षी पडतात. परंतु पडण्याइतकेच पडण्याचे भयही घातक असते. एकदा पाय घसरला की वृद्ध माता देवदर्शनाला येणे सोडते. घरची माणसेही प्रेमापोटी म्हणतात, “आता बसूनच जप करा.” बसून राहिल्याने मांड्यांतील बळ ओसरते, तोल अधिक बिघडतो आणि ज्याचे भय, तेच ओढवते. शिवाय सत्संग तुटतो, ती हानी वेगळीच.

ईर्यासमिती चालणे थांबवायला सांगत नाही, पाहून चालायला सांगते. मात्र वृद्धांना नीट पाहता यावे, ही व्यवस्था समाजाने करावयाची आहे. अभिषेकानंतर फरशी त्वरित कोरडी करावी. उंबरठ्यावर व पायऱ्यांच्या कडांवर ठळक रंगाची पट्टी असावी. जिन्याला दोन्ही बाजूंस कठडा, चपला काढण्याच्या जागी बाक आणि गाभाऱ्याच्या वाटेवर पुरेसा उजेड असावा. घरीही रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा तेवत ठेवावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम चालू राहावा.

वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानले आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात शिखराच्या कळसाबरोबरच पायरीच्या कठड्याचीही बोली लागावी. थरथरत्या पावलांना जिनदर्शन निर्भयपणे घडविणे, हेही वैयावृत्त्यच होय.