डीएपीची गोणी आणि नाथसागराचं पाणी

आजचा विषय खताचा आहे. पण ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी लगेच पुढचा भाग लावू नका, कारण गोष्ट शेवटी नळापर्यंत जाते.

मी बोलतोय बेलापूरहून. सीबीडी बेलापूर नव्हे, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं बेलापूर. प्रवरेचे कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदरा धरण, यांच्या जोरावर हा सगळा पट्टा उसाचा झाला. आणि ऊस म्हटलं की डीएपी आलंच.

आता थोडं गणित. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के स्फुरद असतं, म्हणजे २३ किलो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाची शिफारस हेक्टरी ११५ किलो स्फुरद अशी आहे. एकराला ४६ किलो. म्हणजे बरोबर दोन गोण्या! आडसालीला तीनच्या आसपास. आता घरी विचारून बघा, आपल्याकडे किती पडतात. शिवाय शेणखत आणि कारखान्याचं प्रेसमड यांतही स्फुरद असतं, ते हिशोबात धरलं का, हेही विचारा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "जास्त पडलं तर पडलं, स्फुरद कुठं जातंय? ते जमिनीतच राहतं." हे अर्धं खरं आहे. युरियातलं नत्र पाण्याबरोबर पटकन निसटतं, स्फुरद तसं निसटत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तर ते कॅल्शियमला धरून बसतं. पिकालासुद्धा सहज मिळत नाही, म्हणून तर स्फुरद विरघळवणारे जीवाणू वापरायला सांगतात.

पण ते ज्या मातीला धरून बसलंय, ती मातीच निघाली तर? सप्टेंबरमधला एखादा जोराचा पाऊस आठवा. सरीतून गढूळ पाणी खालच्या कोपऱ्यात येतं, बांध फोडतं, चरात उतरतं. त्या गढूळपणात आपलं डीएपी असतं. आणि खत नुसतं वरून फोकलेलं असेल, दोन दिवसांत पाऊस आला, तर त्यातलं काही विरघळूनही जातं. वर्षभरात वाहून जाणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा अशा दोन-चार पावसांतच जातो.

चरातून ओढा, ओढ्यातून प्रवरा. प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, आणि गोदावरी जाते जायकवाडीला, नाथसागरात. छत्रपती संभाजीनगर तेच पाणी पितं. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा पाण्याचा वाद आपण दर दुष्काळात ऐकतो. पाणी किती सोडायचं यावर मोर्चे निघतात. त्या पाण्यातून काय जातंय, यावर कोणी बोलत नाही.

किती जायला हवं म्हणजे धोका? लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फरससुद्धा साठलेल्या पाण्यात शेवाळ माजायला पुरेसं असतं. गोणीतल्या २३ किलोत शुद्ध फॉस्फरस साधारण १० किलो. त्यातला फक्त एक किलो वाहून गेला, तरी तो एक कोटी लिटर पाणी त्या पातळीला नेऊ शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं एक किलो म्हणजे काहीच नाही. जलाशयाच्या दृष्टीनं खूप आहे.

अमेरिकेत टोलेडो नावाचं शहर एरी सरोवराचं पाणी पितं. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथं शेवाळातून विष तयार झालं आणि चार लाखांहून जास्त लोकांना सांगावं लागलं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नका. त्यामागचं मोठं कारण शेतांतून आलेला फॉस्फरस होता. नाथसागरात हेच होईल असं मी म्हणत नाही. शहरांचं सांडपाणीही नदीत फॉस्फरस टाकतं, आणि त्याचा वाटा मोठा आहे. पण आपल्या हातात आपलं शेत आहे.

मग कुठलं शेत धोक्याचं, हे ओळखायचं कसं? १९९३ मध्ये लेमुनियन आणि गिल्बर्ट या दोघांनी 'फॉस्फरस इंडेक्स'ची कल्पना मांडली. पुढं तिच्या सुधारित रूपांत दोन गोष्टींचा गुणाकार आला: माल किती आहे, आणि बाहेर जायला वाट किती मोकळी आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं मला हा गुणाकार फार आवडतो. बेरीज नाही, गुणाकार! एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य.

आपल्यासाठी सोपं रूप सांगतो. चार प्रश्न, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण.

एक: मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध स्फुरद किती? हेक्टरी १० किलोच्या खाली शून्य, १० ते २५ एक, त्याच्या वर दोन.
दोन: खत कसं देता? मातीआड केलं तर शून्य, फोकलं तर एक, पावसाच्या तोंडावर फोकलं तर दोन.
तीन: मोठ्या पावसात खालच्या कोपऱ्यातून येणारं पाणी कसं दिसतं? येतच नाही किंवा नितळ येतं तर शून्य, थोडं गढूळ एक, चहासारखं दोन.
चार: ते पाणी जातं कुठं? शेतातच जिरतं तर शून्य, गवताच्या बांधातून जातं तर एक, थेट चरात किंवा ओढ्यात तर दोन.

पहिल्या दोनांची बेरीज म्हणजे माल, पुढच्या दोनांची बेरीज म्हणजे वाट. आता गुणाकार. समजा वरच्या सपाट तुकड्याचा माल चार, वाट शून्य: धोका शून्य. ओढ्याकाठच्या तुकड्याचा माल फक्त एक, पण वाट चार: धोका चार. म्हणजे जास्त खताचं शेत सुरक्षित आणि कमी खताचं धोक्याचं, असंही होतं. हा घरगुती आडाखा आहे, सरकारी मापदंड नव्हे. आपल्याच दोन तुकड्यांची तुलना करायला वापरा.

उपाय त्या एका तुकड्यावर करायचे. माल जास्त असेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना किंवा विद्यापीठात पत्रिका दाखवून मात्रा कमी करा. खोडव्याला पहारीनं खत देण्याची पद्धत विद्यापीठानंच सांगितलीय: बुडख्यापासून वीतभर लांब, वीतभर खोल भोक, त्यात खत, वर माती. वाट मोकळी असेल तर पाचट जाळू नका, सरीत राहू द्या. माती जागेवर थांबते. फुटलेला बांध बुजवा, ओढ्याकडच्या कडेला गवताचा पट्टा ठेवा. गवत गाळ अडवतं. विरघळलेलं स्फुरद तेवढं अडवत नाही, म्हणून खत मातीआड करणं हवंच.

आणि यात पैसा आपलाच आहे. अनुदानामुळं गोणी १३५० रुपयांना मिळते, खरी किंमत त्याहून बरीच जास्त. त्यातलं बरंचसं डीएपी आणि रॉक फॉस्फेट आपण बाहेरून आणतो: मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया. तिथून बेलापूरला आलेली गोष्ट ओढ्यात का सोडायची?

तर या पावसाळ्यात एक काम करा. जोराचा पाऊस ओसरला की शेताच्या खालच्या कोपऱ्यात जा आणि पाणी कुठून निघतं, कुठं जातं, याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. घरातल्या मोठ्यांना दाखवा. गुणाकार त्यांच्याबरोबर बसून करा, आणि कुठला तुकडा वर आला ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.