इलेक्ट्रॉनांचे पाणी, इलेक्ट्रॉनांचा बर्फ



वाफ दाटली की पाणी होते आणि पाणी गारठले की बर्फ, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेव्हा इलेक्ट्रॉन विरळ केले म्हणजे गोठतात असे आम्ही म्हटले, तर आपण आमच्याकडे संशयाने पाहाल. परंतु हंगेरीत जन्मलेल्या युजीन विग्नर यांनी १९३४ साली नेमके हेच मांडले.

त्यांचा हिशेब सोपा आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. शिवाय क्वांटम नियमाप्रमाणे कोंडलेला इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाही. जागा जितकी अपुरी, तितकी त्याची धडपड मोठी. आता त्यांच्यातील अंतर दुप्पट करा. लोटालोटीची ऊर्जा निम्मी होते. धडपडीची मात्र चौथाईवर येते. अंतर वाढवीत नेले की धडपड मागे पडते, आणि कवाईतीला हात पसरून अंतर घेणाऱ्या मुलांप्रमाणे प्रत्येक जण आपापली जागा धरतो. हाच विग्नरचा स्फटिक.

तो पाहावयास पंचेचाळीस वर्षे लागली. १९७९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ग्राइम्स आणि ॲडम्स यांनी द्रवरूप हेलियमवर इलेक्ट्रॉन पसरले. आत शिरू द्यावयास हेलियम तयार नाही, वर जाऊ द्यावयास विद्युत्‌क्षेत्र तयार नाही. त्यांना उरली केवळ लांबी आणि रुंदी. हे इलेक्ट्रॉन फारच विरळ असल्यामुळे येथे क्वांटम धडपड नगण्य होती, आड येत होती ती उष्णता. तपमान सुमारे अर्ध्या केल्विनवर उतरले, लोटालोटी उष्णतेच्या धडपडीच्या सुमारे १३७ पट झाली, आणि त्रिकोणी जाळीची खूण मिळाली.

खरी गंमत पुढेच आहे. त्सुई, स्टॉर्मर आणि गोसार्ड हे गॅलियम आर्सेनाइडच्या थरांत, प्रबळ चुंबकक्षेत्राखाली, हाच स्फटिक शोधीत होते. अशा थरातून प्रवाह सोडला की आडव्या दिशेस विद्युत्‌दाब उत्पन्न होतो आणि क्षेत्राबरोबर तो चढत जातो. येथे तो घाटातील सपाटीसारखा एका ठिकाणी थबकला; आणि ती सपाटी एक तृतीयांश या आकड्याशी जुळत होती! शोधावयास गेले बर्फ, हाती लागले पाणी. हे १९८२ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी लाफ्लिन यांनी उलगडा केला, की हा एक अपूर्व द्रव आहे आणि त्यातील खळबळ इलेक्ट्रॉनाच्या तिसऱ्या हिश्शाचा विद्युत्‌भार घेऊन फिरते.

मग इलेक्ट्रॉन फुटला काय? मुळीच नाही. तिसरा हिस्सा समूहाच्या हालचालीचा आहे. एकटा इलेक्ट्रॉन पूर्वीसारखाच अखंड. तरीही तो हिस्सा कागदावरचा नव्हे: १९९७ साली इस्रायल आणि फ्रान्समधील प्रयोगांत प्रवाहाच्या खरखरीवरून तो मोजला गेला. १९९८ चे नोबेल लाफ्लिन, स्टॉर्मर आणि त्सुई यांना मिळाले. गोसार्ड यांचे नाव त्यात नाही. ज्याच्या कसबावाचून तो थरच नसता, त्याचे नाव नसावे हे आम्हांस खटकते.

आणि बर्फाचे काय? २०२४ साली प्रिन्स्टनमध्ये ग्राफीनच्या दुपदरी थरात विग्नरच्या क्वांटम स्फटिकाचे थेट चित्र मिळाले. त्रिकोणी जाळी स्पष्ट दिसते, मात्र तिच्यातील प्रत्येक ठिपका थोडा पसरट आहे. गोठल्यावरही इलेक्ट्रॉनाची धडपड पुरती थांबलेली नाही, तीच तेथे दिसते.