आपल्या शेजारचे जलाशय

आपल्या मुलांस वाटते की पूस व इसापूर हे जलाशय सृष्टीच्या आरंभापासूनच आहेत. वस्तुतः पूस नदीवरील धरण १९७१ साली, तर पैनगंगेवरील इसापूरचे १९८२ साली पुरे झाले. इसापूरच्या पाण्याने आपल्या जिल्ह्यातील, तसेच हिंगोली व नांदेडकडील शिवारे भिजतात. हिवाळ्यात दूरदेशीची पाखरे उतरतात, भोई जाळी टाकतात, आणि सुटीच्या दिवशी तरुण मंडळी शिदोरी घेऊन काठी जाऊन बसतात. (पोहण्याचे धाडस मात्र कोणी करू नये; पाणी फार खोल आहे.) परंतु ज्या पाण्याकडे पाहून त्यांचे मन रमते, त्याच्या तळाशी कित्येकांची शेते व घरे गेली आहेत. त्या उठलेल्या गावांतील वृद्ध अजून हयात आहेत. त्यांस एकदा काठावर न्या, आणि त्यांचे अंगण नेमके कोणत्या बाजूस होते, ते विचारा.