भीती धुऊन जात नाही

आज आपल्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, नाव मात्र घेणार नाही.

या ताई गटाच्या कोषाध्यक्ष. बचतीचे पैसे त्याच मोजायच्या. हळूहळू नोटा मोजून झाल्या की हात धुवायला उठू लागल्या. आधी एकदा, मग पाचदा, मग तास तास. ‘किती जणींच्या हातच्या नोटा या! माझ्यामुळं लेकरं आजारी पडली तर?’ उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढायचे, आणि निम्मं पिंप हात धुण्यातच संपायचं. हाताला भेगा पडल्या. बायका म्हणाल्या, ‘हिचं सोवळं फारच वाढलंय.’ शेवटी ताईंनी बैठकीला येणंच सोडलं.

मैत्रिणींनो, हे सोवळं नव्हतं आणि हट्टही नव्हता. हा मंत्रचळ नावाचा आजार. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. नको तो विचार डोक्यात घुसतो, जीव घाबरा होतो, आणि तो शांत करायला माणूस तेच तेच करतो. कुणी हात धुतं, कुणी दाराची कडी दहादा बघतं. घटकाभर बरं वाटतं. पण गोम तिथंच आहे. मनाला वाटतं, धुतलं म्हणूनच वाचलो. मग पुढच्या वेळी भीती आणखी जोरानं येते.

यावर औषधं आहेत. शिवाय भीतीला सामोरं जाण्याचा एक उपचारही आहे. इंग्लंडमधल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली दोन रुग्णांवर तो केल्याचं लिहिलं. आज जगभर तो वापरतात. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ जायचं, आणि नेहमीची कृती करायची नाही.

हे एकदम करायचं नसतं, पायरी पायरीनं करायचं. ताईंनी समुपदेशकांबरोबर बसून पायऱ्या लिहिल्या. आधी गटाचं पासबुक हातात धरायचं आणि हात न धुता बसायचं. मग एक नाणं. मग दहाची नोट. ताई सांगतात, ‘पहिल्या दिवशी छाती धडधडली, रडू आलं. पण बसून राहिले, तशी भीती आपोआप उतरली.’ त्यांना कळलं, की भीती न धुताही उतरते.

घरच्यांनाही शिकावं लागलं. मालक पाणी आणून द्यायचे, सासूबाई ‘स्वच्छ आहेत गं हात’ असं शंभरदा सांगायच्या. मायेनंच, पण त्यानं आजाराला खतपाणी मिळत होतं. आता सासूबाई म्हणतात, ‘भीती वाटतेय ना? मी बसते तुझ्याजवळ.’

मात्र कुणाचा हात धरून बळंच नोटेवर ठेवू नका. हसू नका, देवऋषाकडं नेऊ नका. पायऱ्या जाणकारानंच ठरवायच्या आणि रुग्णाच्या संमतीनंच चढायच्या. पुण्यात स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. दौंडकरांना रेल्वेनं जाता येतं. शिरूरच्या बायकांना एसटी आहे. तेही जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

दिवाळीत सफाई करताना ताईंचा त्रास पुन्हा वाढला होता. त्या परत पासबुकापासून सुरुवात करून वर आल्या. गेल्या बैठकीत त्यांनी पैसे मोजले, आणि त्याच हातानं आम्हाला शेंगदाण्याचे लाडू दिले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले, त्यांनीही खाल्ला.

तुमच्या गटातली एखादी बाई अशीच बैठकीला यायची थांबली असेल, तर आज तिच्या घरी जाऊन या.