सॉफ्टवेअरची परीक्षा शिक्षकांच्या हातून

(आदिलाबाद येथे मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त पाठ)



पाठ्यपुस्तक छापण्यापूर्वी त्याची मुद्रिते तपासली जातात. कोशातील नोंद संपादकांच्या नजरेखालून जाते. वर्गात वापरायचे सॉफ्टवेअर मात्र बहुधा पूर्ण होऊनच आपल्यापुढे येते आणि सोबत एक प्रपत्र असते : ‘उपयुक्त वाटले का? होय / नाही.’ समोर अधिकारी बसलेले असताना ‘नाही’वर खूण कोण करील? अशा प्रपत्रात आपल्या सौजन्याची नोंद होते, सॉफ्टवेअरच्या गुणदोषांची होत नाही.

याहून साधी आणि भरवशाची रीत संगणकाच्या क्षेत्रात अनेक वर्षे रूढ आहे. वापरणाऱ्याला एक नेमके काम द्यावे आणि तो ते करीत असताना शेजारी गप्प बसून पाहावे. ‘सहावीसाठी पाच प्रश्नांची चाचणी तयार करा आणि एका मुलाचे उत्तर तपासा,’ एवढेच सांगावे. शिक्षकाने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहावे. मराठीत, तेलुगूत किंवा दोन्ही मिसळून. निरीक्षकाने मदत करू नये. बोट कुठे अडले, कोणती सूचना दोनदा वाचावी लागली, कुठून मागे फिरावे लागले, ते टिपावे. मत विचारण्याआधी हात पाहावा.

यासाठी किती माणसे लागतात? जेकब नीलसन या अभ्यासकाने २००० साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : पाच जणांकडून चाचणी करून घेतली तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पंधरा माणसे मिळत असतील तर एकदम पंधरा न बसवता पाच-पाचांच्या तीन फेऱ्या कराव्यात आणि मधल्या काळात दोष दुरुस्त करावेत, असा त्याचा सल्ला आहे. त्याने एक अटही घातली आहे. वापरणाऱ्यांचे गट एकमेकांहून वेगळे असतील, तर प्रत्येक गटातली माणसे घ्यावीत. आपल्या दृष्टीने ही अट त्या पाचाच्या आकड्याहून मोलाची आहे.

कारण आपण तसा वेगळा गट आहोत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. मराठी मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांवर राहिली. आपल्या वर्गात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी ऐकू येते. ‘मराठी शिक्षकांनी तपासलेले’ असा शिक्का असलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी केवळ पुण्या-मुंबईच्या शिक्षकांनी केली असेल, तर आपल्या अडचणी त्यांना दिसणार कशा?

एक उदाहरण संख्यावाचनाचे. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात वाद झाला. तेलुगूत मात्र ‘इरवै ओकटि’, म्हणजे आधी वीस आणि मग एक, हाच क्रम आहे. संख्या मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर आपल्या वर्गात कसे समजेल, ते आपल्याच शिक्षकाजवळ बसून पाहावे लागेल.

दुसरे उदाहरण त्याहून गंभीर आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’ असतो आणि त्याचा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही तसेच आहे. आता उत्तरसूची एका कळफलकावर टंकलेली आहे, मुलाने उत्तर दुसऱ्या कळफलकावर लिहिले आणि सॉफ्टवेअर दोन्ही रूपे एकच मानत नाही, तर बरोबर उत्तरापुढे फुली येते. मूल दोन्ही शब्द अक्षर न् अक्षर ताडून पाहते. फरक दिसत नाही. ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही, ते मूल काय समजेल? आपलेच मराठी चुकले, असेच. प्रात्यक्षिक नुसते पाहून हा दोष सापडत नाही. शिक्षकाने आपल्या फोनवर, आपल्या कळफलकाने उत्तर टंकले तरच तो सापडतो.

या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सॉफ्टवेअर वापरता येते का, एवढेच ती सांगते. त्यातून मूल शिकले का, हे वेगळे तपासावे लागते. पण जे वापरताच येत नाही, त्यातून शिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून भाषेसाठी काम करणाऱ्या सार्वजनिक संस्थांना माझी तीन कामे सुचवायची आहेत. मराठी शैक्षणिक सॉफ्टवेअरला अनुदान किंवा शिफारस देण्यापूर्वी अशा चाचणीचा अहवाल मागावा. चाचणीच्या प्रत्येक फेरीत सीमाभागातला, शक्यतो एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणारा, निदान एक शिक्षक असावा. आणि सापडलेले दोष, झालेल्या दुरुस्त्यांसह, प्रसिद्ध करावेत. म्हणजे पुढच्या निर्मात्याला ते नव्याने शोधावे लागणार नाहीत.

शिक्षकांनाही एक विनंती. चाचणीला बसाल तेव्हा अडलात तर संकोचू नका. तिथे परीक्षा तुमची नसते. तुम्ही जिथे अडता, तिथेच उद्या वर्गातले मूल अडणार असते. ती जागा न लपवता दाखवून द्या.