मागच्या रांगेतल्या बाईचा फोटो



आज बचतीचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आज एका फोटोबद्दल सांगतो.

आमच्या गटाची पहिली बैठक रात्री झाली होती. दिवसभर कापूस वेचून बायका आल्या आणि त्यातच लाईट गेली. फोटोवाले काका आले होते, पण त्यांचा फ्लॅश ऐनवेळी पेटेना. मग कंदील मध्ये ठेवून त्यांनी फोटो काढला. रंगीत रोल धुवायला नांदेडला पाठवावा लागायचा. ब्लॅक अँड व्हाईट ते घरीच धुवायचे, म्हणून तोच रोल घातला.

त्या फोटोत पुढच्या बायका दिसतात. मागच्या रांगेतली एक मात्र अंधारात गेली. ती आता या जगात नाही. तिच्या लेकीकडं आईचा दुसरा फोटो नाही. ती म्हणाली, "वहिनी, मोबाईलवर उजळून बघा ना." आम्ही उजळला. सगळा फोटो पांढुरका झाला, आई काही दिसेना.

मग आम्ही काकांकडं गेलो. त्यांनी समजावलं ते असं. रोलवर चांदीचे क्षार असतात. उजेड पडला तिथले क्षार डेव्हलपरमध्ये काळे होतात. आपल्या रोलचा वेग 400 चा. कंदिलाच्या उजेडात तो पुरेना, म्हणून काकांनी 1600 चा धरून फोटो काढला. म्हणजे रोलला हवा त्याच्या चौथा हिस्साच उजेड मिळाला. ती कसर धुताना भरून काढायची. दहा मिनिटं धुवायचा रोल तेरा-चौदा मिनिटं ठेवायचा. याला ते 'पुश करणं' म्हणायचे. डेव्हलपर वीस अंशाला लागतो. आपल्याकडच्या गरमीत काका बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. औषध गरम झालं तर मिनिटांचा हिशोबच चुकतो.

"पण," काका म्हणाले, "जास्त धुतल्यानं जिथं उजेड पडला तिथलंच वाढतं. जिथं पडलाच नाही तिथं काय वाढणार?" आम्हाला लगेच पटलं. बी पडलंच नाही त्या सरीत कितीही पाणी सोडा, काय उगवणार? म्हणून अशा फोटोत कंदिलाजवळचे चेहरे पांढरेफेक होतात, सावल्या काळ्याठिक्कर राहतात आणि सगळीकडं रवाळ दाणे दिसतात.

काकांनी तरी जुनी निगेटिव्ह शोधली. भिंगाखाली पाहिली. मागच्या बाईच्या जागी अगदी फिकट काहीतरी होतं. तेवढाच तुकडा मोठा करून त्यांनी फिकट प्रिंट काढली. कपाळ, नथ आणि अर्धा गाल आला. लेक बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नथ तीच आहे." तिनं ती प्रिंट पदरात गुंडाळून नेली.

बायका कॅमेऱ्यापुढंच मागं राहतात असं नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले. पुढं 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता आमच्या गटानं काय ठरवलं ते ऐका. बैठकीचा फोटो दिवस मावळायच्या आत काढायचा. रात्रीच काढावा लागला तर बल्ब बायकांच्या पाठीमागं नको, तोंडासमोर हवा. मोबाईल हातात न धरता डब्याला टेकवून ठेवायचा आणि फोटो निघेपर्यंत कुणी हलायचं नाही. मागच्या रांगेतलीनं पदर थोडा मागं घ्यायचा. दर बैठकीला रांगा बदलायच्या. आणि फोटोमागं सगळ्यांची नावं लिहायची.

घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर टाकू नका. कडेनं धरा, बोटं लावू नका, कोरड्या कागदात घालून ओलीपासून लांब ठेवा.

येत्या बैठकीत आम्ही प्रत्येकीचा वेगळा फोटो काढणार आहोत, दारात, सकाळच्या उन्हात. "माझा कशाला?" म्हणणारीचा सगळ्यात आधी. तुमच्या गटातही अशी एक असेलच. तिला पुढं बोलवा.