नंबर कोणाच्या नावावर?

(दिग्रस येथे गटांच्या सभेत केलेले भाषण)



२०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. पुढच्या वर्षी बटणांचा जिओफोन आला. दिग्रसच्या आसपास खेड्यापाड्यांत घरोघरी फोन झाले. पण फोन घरात येणे वेगळे आणि बाईच्या हाती येणे वेगळे. आधी तो पोराकडे जातो, मग घरधन्याकडे. आपल्याकडे येतो तो काच फुटल्यावर!

मग आपण शिकलो कधी? जाहिरात पाहून नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याचे १५०० रुपये, अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर. तेव्हा अंगणवाडी ताईजवळ बसून बायांनी ॲप पाहिले. शेजारणीला जमते म्हटल्यावर भेव जातेच.

पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि खरी अडचण दिसली. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा असला तर? रिचार्जविना बंद पडला असला तर? सिम ९० दिवस अजिबात वापरले नाही, तर कंपनी ते बंद करू शकते आणि तोच नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे तुमचा ओटीपी परक्याच्या खिशात!

म्हणून आधी सिम स्वतःच्या नावावर घ्या. आधार केंद्रात जाऊन नंबर जोडा, बँकेतही तोच द्या. महागडा फोन कायले पाहिजे? २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. साध्या फोनवरून, इंटरनेट नसतानाही पैसे पाठवता येतात.

घरी वायफाय घ्यावे का, असे काही जणी विचारतात. आधी भारतनेटची लाइन आपल्या ग्रामपंचायतीत चालू आहे का, ते ग्रामसभेत विचारा. मग घरचे बघू.

आणि एक. पैसे येताना पिन लागत नाही, देतानाच लागतो. "पापडाचे पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाला, की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तेव्हाच्या तेव्हा १९३० ला फोन लावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने फोन आणि आधार कार्ड आणा. कोणाचा नंबर कोणाच्या नावावर आहे, ते सचिवताई वहीत लिहून घेतील. पिन मात्र वहीत नाही लिहायचा, सचिवताईलाही नाही सांगायचा.